सोमवारचं पाणी

चांगुणा गेली हे मला बुधवारी सकाळी साडेदहाला कळलं. मी मिठाच्या वाफ्यात उभा होतो, पाणी घोट्यापर्यंत होतं. फोन बांधावर डब्याशेजारी ठेवला होता. तो वाजला तेव्हा वाटलं, घरी कधी सोडणार ते सांगायला दीपेशने केला असेल. आदल्या दिवशी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं, सलाइन लावली होती. सलाइन लागली की माणूस उठतं, असं मी धरून चाललो होतो. म्हणून कामावर आलो होतो.

दीपेश म्हणाला, "बाबा, आय गेली."

मी "बरं" म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही. मग फावडं धुतलं, बांधावर आडवं ठेवलं आणि रस्त्यापर्यंत चालत आलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. मी, माझा मुलगा दीपेश आणि सून मयूरी. मयूरीच्या मांडीवर तनू होती, माझी नात, चौदा महिन्यांची. जुलाब आधी तिलाच लागले होते. ती वाचली. तिचं करता करता चांगुणाला लागले.

"नुसत्या जुलाबाने गेल्या असं नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्तात मीठ फार वाढलं होतं. मेंदूला मार बसला. घरी मीठ-साखरेचं पाणी दिलं होतं का?"

"दिलं होतं," मयूरी म्हणाली.

"कोणी बनवलं?"

दीपेशने मयूरीकडे बघितलं. मयूरीने आपल्या हातांकडे बघितलं. "मी," ती म्हणाली.

मीही बनवलं होतं, सोमवारी, मयूरी घरी नसताना. पण ते मी चाखून बघितलं होतं, अळणी होतं, म्हणून माझ्या मनात आलं नाही. आलं असेल तर मी येऊ दिलं नाही.

आमच्या भागात थेंब येऊन तीन वर्षं झाली. बाळ दीड महिन्याचं झालं की आशाताई घरी येते आणि त्याच्या जिभेवर दोन थेंब सोडते. त्यात एक जंतू असतो. तो रोग करत नाही. आतड्यात राहतो आणि नोंद ठेवतो. आरोग्य केंद्रातल्या भगत मॅडमनी मला ते समजावलं. प्रत्येक जंतूच्या आत एक बारीक, लांब साखळी असते. कसं जगायचं हे तिच्यावर लिहिलेलं असतं. या जंतूला साखळीच्या टोकाला नवी कडी जोडायला शिकवलंय. मीठ आलं की एक प्रकारची कडी, साखर आली की दुसरी, दूध, भात, साधं पाणी, प्रत्येकाची वेगळी. किती आलं त्याप्रमाणे कड्या कमी-जास्त. जंतूपासून नवे जंतू होतात तेव्हा ही रांग तशीच त्यांच्याकडे जाते. बाळाच्या लंगोटावरचा थोडा मळ कागदी पट्टीवर घ्यायचा, पट्टी यंत्रात सरकवायची. गेल्या काही आठवड्यांत त्या पोटात कोणत्या तासाला काय गेलं ते पडद्यावर येतं.

हे करायचं कारण असं की लेकराला जुलाब लागले की घरं खरं सांगत नाहीत. पाणी पाजलं तर जुलाब वाढतील म्हणून पाणी तोडतात, अंगावरचं दूध बंद करतात, कोरडं बिस्किट देतात. ताईने विचारलं की सांगतात, हो, पाकिटाचं पाणी दिलं. पाकीट फळीवर तसंच असतं. पोर सुकून जातं आणि कोणी काय केलं ते कुणालाच कळत नाही. थेंब आल्यावर ते कळायला लागलं. आमच्या सात गावांत दोन वर्षांत जुलाबाने एकही मूल गेलं नाही. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही.

लोक त्या जंतूला तलाठी म्हणायला लागले. आमच्या वाफ्यावरचा हिराजी म्हणायचा, "जमिनीचा तलाठी महिन्यात एकदा गावतो. पोटातला बघ कसा, रजाच नाय त्याला!"

हसायचे सगळे. पण बायका हसत नव्हत्या. अंगणवाडीत पट्टी वाचली की कोणती सून लेकराला काय देते ते सासूच्या कानावर यायचं. चांगुणाला ते पटत नव्हतं. "लंगोटातलं बघून बाईला बोल लावतात," ती म्हणायची. मयूरीला तिने कधी बोल लावला नाही. दोघी एका ताटात जेवायच्या.

तेराव्यानंतर मयूरी गेली. म्हणजे दीपेशने घालवली. तो पोर्टवर असतो, क्रेन आता आपोआप चालतात, त्यांच्यावर पडद्यावरून नजर ठेवायचं काम. मुलगा शांत आहे. पण त्या दिवशी भांडी आवरताना मयूरीच्या हातून मिठाची बरणी सांडली आणि तो उठून उभा राहिला.

"अजून हात सुधारला नाय तुझा?"

"मी चमच्याने मोजलं होतं," मयूरी म्हणाली. "लिटरला साखर सहा चमचे, मीठ अर्धा. अंगणवाडीच्या सुवर्णाताईंनी सांगितलं तसंच. तनूला पण तेच दिलं. तिला कसं नाही झालं काही?"

"तनूला पाकिटाचं दिलंस. आयला घरचं दिलंस."

"पाकिटं संपली होती. रविवारपासून दोघींना एकच दिलं."

"मग ती कशी गेली? सांग ना. कशी गेली?"

मयूरी रडायला लागली. "चुकला असेल चमचा," ती म्हणाली. "एखादा जास्त पडला असेल. मला आठवत नाही हो."

माझी बहीण बायजा दिवसकार्यासाठी आली होती. तिने मध्ये पडून बघितलं. पण दीपेश ऐकेना. मयूरीने पिशवी भरली आणि तनूला उचलायला गेली तेव्हा तो दारात आडवा झाला. "एकीला घालवलीस. दुसरी देणार नाय."

पोर अजून अंगावर पीत होती. मयूरी माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही तरी सांगा."

मी म्हणालो, "चार दिवस जाऊ दे. राग शांत होऊ दे त्याचा."

ती रिक्षात बसून माहेरी गेली. बायजा तनूसाठी थांबली.

पुढे जे झालं ते मी बघितलं तसं सांगतो.

दीपेश कामावर, बायजा दुपारी आडवी झालेली, अशा वेळी मी आणि तनू मागच्या दारात बसलो होतो. चार वाजले असतील. तनू वाटीशी खेळत होती. मध्येच ती थांबली. वाटी खाली ठेवली. खाडीकडे तोंड केलं, डाव्या हाताने दाराचा लाकडी उंबरा धरला आणि उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात घालून खालच्या हिरडीवरून फिरवायला लागली. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, सावकाश. मग बोट काढलं, बाजूला वळून थुंकली आणि परत वाटी घेतली.

चांगुणा रोज चार वाजता चहा झाला की त्याच दारात बसून मशेरी लावायची. उंबरा धरून, खाडीकडे बघत. घर बांधल्यापासून एकतीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता परत तेच. तिसऱ्या दिवशी मी तनूला मुद्दाम पुढच्या ओट्यावर नेलं. तिथंही चार वाजता तिचं खेळणं थांबलं, मान मागच्या दाराकडे वळली आणि बोट तोंडात गेलं. बायजाला दाखवलं. बायजा म्हणाली, "दात येतात पोरीला, दादा." पण ते बोलताना ती मागे सरली, आणि त्यानंतर चार वाजता ती घरात थांबत नसे. शेजारी जायची.

आणखी एक होतं. तनू माझ्या हातून पाणी पीत नव्हती. बायजाने वाटी लावली की घटाघटा प्यायची. तीच वाटी, तेच पाणी, मी लावलं की ओठ घट्ट मिटायची आणि माझ्याकडे बघत राहायची. रडायची नाही. नुसती बघायची.

महिना झाला तेव्हा अंगणवाडीत नेहमीचं वाचन होतं. सुवर्णाताईंनी पट्टी घातली, पडदा बघितला आणि परत बघितला. मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "काका, पोरीला मशेरी लावता?"

दात येताना हिरडीला मशेरी लावायची सवय काही घरांत आहे, म्हणून तंबाखूचीही कडी त्या जंतूला शिकवलेली.

"नाही," मी म्हणालो.

"बायजाकाकू लावते का?"

"ए बाय, मना काय वेड लागलंय?" बायजा ओरडली. "दूधपीत्या पोरीला?"

"मग हे काय आहे? दिवसाला चार वेळा मशेरी. कोरा चहा. सुकट. तिखट कालवण." ताई बोलत होत्या आणि बाकीच्या बाया आपापली पोरं उचलून जरा लांब उभ्या राहिल्या. "आणि हे एक महिन्यापूर्वीच थांबतं. एका दिवसात."

त्यांनी आम्हाला केंद्रात भगत मॅडमकडे पाठवलं. मॅडम तरुण आहेत, भराभर बोलतात. पण पडदा त्यांनी दोनदा वरपासून खालपर्यंत बघितला. बायजा तनूला घेऊन बाहेर पाळण्यापाशी गेली होती.

"हे बाळाचं नाही," त्या म्हणाल्या. "हे मोठ्या माणसाचं पोट आहे. लंगोट कोण धुवायचं घरी?"

"चांगुणा."

"मग तिथून. बाळाकडून जंतू त्यांच्याकडे गेला, त्यांच्या पोटात राहिला, त्यांची नोंद ठेवत बसला. मग बाळाला जुलाब लागले. जुलाबात पोट धुऊन निघतं, बाळाचे स्वतःचे जंतू वाहून गेले. त्या दिवसांत त्यांनी बाळाला हाताने भरवलं असेल."

"पेज भरवली होती," मी म्हणालो. "सोमवारी संध्याकाळी. बसवत नव्हतं तिला, तरी."

"म्हणजे तेव्हा परत आला. त्यांची नोंद घेऊन."

मी चार वाजताचं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. रोज ठरल्या वेळी जे येतं त्याची जंतूला सवय लागते, त्या म्हणाल्या. वेळ जवळ आली की तो आधीच तयारीला लागतो. त्याने पोटात काहीतरी हलतं, लेकराला काहीतरी हवंसं वाटतं. एवढं होऊ शकतं.

"आणि बोट फिरवणं?"

"ते जंतू शिकवत नाही. आजीला बघून उचललं असेल."

"आणि माझ्या हातचं पाणी?"

"जंतूला हात ओळखता येत नाहीत, काका."

मग त्यांनी सांगितलं की हे असं ठेवता येणार नाही. दहा दिवसांचं औषध द्यायचं, जुने जंतू मरतील, मग नवे थेंब. "पण त्याआधी," त्या म्हणाल्या, "यात तुमच्या पत्नीचे शेवटचे दिवस आहेत. पूर्ण वाचन करायचं तर त्यांच्या नवऱ्याची सही लागेल. नको असेल तर नको. दहा दिवसांनी ते राहणारच नाही."

मला माहीत होतं त्यात काय असणार. तोपर्यंत मी स्वतःला ते कळू दिलं नव्हतं. सही नाही केली तर ते औषधाबरोबर वाहून जाणार होतं आणि कुणी मला कधी काही विचारणार नव्हतं. पण मयूरी रोज बारा वाजता बायजाच्या फोनवर तनूचा आवाज ऐकायची. एकदा फोन मी उचलला होता. ती म्हणाली होती, "बाबा, मी इथं रोज पाणी बनवून बघते. सहा आणि अर्धा. एकदाही चुकत नाही. मग तेव्हाच कसा चुकला?" मी म्हणालो होतो, "जेवलीस का?"

मी सही केली.

वाचन यायला वीस मिनिटं लागली. मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला. रविवार: मीठ बरोबर, साखर बरोबर, सहा वेळा. मयूरीच्या हातचं. सोमवार सकाळी सात: बरोबर. मग नऊ वाजल्यापासून तीनपर्यंत पाच वेळा मीठ, पाहिजे त्याच्या पाच-सहा पट. साखर जवळजवळ नाही. साध्या पाण्याच्या ओळीत दिवसभर काहीच नव्हतं.

"सोमवारी सून कुठं होती?"

"इथंच. तनूला घेऊन आली होती. आठला निघाली, चारला आली."

मॅडमनी नोंदवही काढून बघितली. तसंच होतं. "मग घरी कोण होतं?"

"मी."

त्यांनी विचारलं नाही, तरी मी सांगितलं. मयूरीने भरून ठेवलेलं पाणी नऊपर्यंत संपलं. चांगुणाने पाणी मागितलं. मी कधी स्वयंपाकघरात काही बनवलेलं नाही. आमच्यात पुरुष बनवत नाहीत आणि तीही बनवू द्यायची नाही. पण मीठ-पाण्याचं मला काय शिकवायचं, असं मला वाटलं. जन्म मिठात गेला. तांब्या घेतला, डब्यातलं आपल्या वाफ्याचं खडं मीठ चिमटीने टाकलं, साखर डब्यात थोडी होती ती टाकली. चाखलं. काहीच लागलं नाही. आणखी टाकलं. परत चाखलं, तरी अळणी. जरा चव आली तेव्हा तिला दिलं.

ती एक घोट घेऊन म्हणाली, "खारट हाय वो."

मी म्हणालो, "आजारात तोंड गेलंय तुझं. औषध हाय ते, पी."

ती प्यायली. दुपारी तिने साधं पाणी मागितलं. मी म्हणालो, साधं नको, ताईंनी सांगितलंय हेच द्यायचं. आणखी बनवलं. तिसऱ्या का चौथ्या तांब्याला ती हसून म्हणाली, "चाळीस वरसांत पयल्यांदा तुमच्या हातचं पितेय. नाय कसं म्हनू?"

भगत मॅडम उठल्या. आतून दोन पेले घेऊन आल्या. म्हणाल्या, दोन्ही चाखा आणि कोणतं खारट ते सांगा. मी पहिला चाखला, मग दुसरा. दोन्ही पाणी. परत चाखले. अंदाजाने डावा म्हणालो.

"डाव्यात मीठ नाहीच," त्या म्हणाल्या. "उजवा मला तोंडात धरवत नाही." मग त्या माझ्याशेजारच्या खुर्चीत बसल्या. "वर्षानुवर्षं मिठात काम करणाऱ्यांचं होतं असं. जिभेला कळेनासं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, काका."

मला आठवलं की माझ्या ताटात चांगुणा वेगळी मिठाची चिमूट वाढायची. न मागता. तिला माहीत होतं.

मॅडमनी वाचनाचा कागद काढून दिला, औषधाची बाटली दिली. दारापर्यंत आल्या. "सुनेला घालवलंय म्हणे तुमच्याकडे. बायजाकाकू सांगत होत्या बाहेर. हे घरी मी सांगू की तुम्ही?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

औषध दहा दिवस द्यायचं होतं. माझ्या हातून तनूने घेतलं नाही, बायजाने दिलं. मी रोज चारच्या आधी पाण्याचा पेला घेऊन मागच्या दारात जाऊन बसायचो. पहिले चार दिवस तसंच झालं. पाचव्या दिवशी बोट तोंडात गेलं पण फिरलं नाही. सहाव्या दिवशी तिने उंबरा धरला, खाडीकडे बघितलं आणि काहीतरी विसरल्यासारखी तशीच बसून राहिली. मी म्हणालो, "चांगुणा." तिने वळून माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग ती माझ्या हातातल्या पेल्याकडे आली आणि पाणी प्यायली, सगळं.

सातव्या दिवशी चार वाजून गेले तरी ती वाटीशी खेळत होती. आठव्या दिवशीही. तेव्हापासून काही नाही. चांगुणा दुसऱ्यांदा गेली ती त्या आठवड्यात, आणि या वेळी मी समोर बसलेलो होतो.

नवे थेंब दिले त्यालाही आता अकरा दिवस झाले. कागद कपाटात माझ्या शर्टांच्या खाली आहे. दीपेश रोज सहाला येतो. मी दोनदा कागद काढला. एकदा तो फोनवर होता. दुसऱ्यांदा तो जेवत होता आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही आहात म्हणून घर चाललंय." मी कागद परत ठेवला. मयूरी बारा वाजता फोन करते. काल तिने बायजाला सांगितलं की अंगावरचं दूध आता आटलं, म्हणून तनूला तिकडे घेऊन यायची आता घाई नाही.

आज दीपेशला सुट्टी आहे. तो ओट्यावर बसून तनूला भात भरवतोय. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.